देशमान्यांचा शून्य साठा

उत्तरेश्वर देशमाने यांना पन्नाशी उलटल्यावर विद्यार्थी व्हावं लागलं, यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. कुठला वॉशर कुठल्या कप्प्यात आहे हे ते झोपेतही सांगू शकत, आणि त्यांच्या पत्नी सुनीतीबाईंच्या म्हणण्यानुसार झोपेत ते फक्त तेवढंच सांगत. पण कारखान्यात नवे साहेब आले आणि फतवा निघाला. स्टोअरच्या प्रमुखाकडे सप्लाय चेन मॅनेजमेंटचा डिप्लोमा हवा. वर्ष संपायच्या आत प्रमाणपत्र आणा, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला देऊन गुजरातेतल्या नव्या प्लँटवर मदतनीस म्हणून जा.

देशमान्यांच्या पोटात त्या दिवशी जो गोळा आला तो पुढे मुक्कामालाच राहिला. त्यांना गुजरातबद्दल काही आकस नव्हता. पण इतकी वर्षं ज्या खुर्चीत बसून त्यांनी लोकांना 'चिठ्ठी आणलीय का?' असं विचारलं, ती खुर्ची जाऊन दुसऱ्या कुणाला तरी आपण चिठ्ठी दाखवायची, या विचाराने त्यांना घाम फुटे. धायरीत, घरापासून स्कूटरवर जाता येईल अशा अंतरावर नोकरी असणं हे पुण्यात किती भाग्याचं आहे, हे ज्यांना सिंहगड रोडवरून रोज जावं लागतं त्यांना सांगायला नको.

बातमी भैरवकृपा सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ जोगळेकर हे सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते. निवृत्त फक्त ते झाले होते, त्यांच्यातलं खातं नव्हे. ते जिन्यात देशमान्यांना थांबवून म्हणाले, "या वयात शिकता आहात, चांगलं आहे. विसरायला काहीतरी हवंच." समोरच्या फ्लॅटमधल्या मुक्ताबाई पोकळे यांचा सल्ला मायेचा होता. ज्या जमिनीवर सोसायटी उभी होती ती त्यांच्या सासऱ्यांची, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगची काळजी करणं हा त्या आपला हक्क समजत. "भाऊ, रोज रातच्याला बदाम भिजत घाला," त्या म्हणाल्या. "आमच्या ऋषीला बारावीला घालत हुते." ऋषी बारावीला नापास झाला होता, पण त्यात बदामांचा दोष नव्हता असं त्यांचं मत होतं. देशमान्यांनी बदाम खाल्ले. त्यांना पित्त झालं.

वर्ग दर रविवारी टिळक रोडच्या मागच्या एका इमारतीत भरे. वर्गात सगळी पोरं, देशमान्यांच्या मुलाच्या वयाची. पहिल्या दिवशी ती देशमान्यांना पाहून उभी राहिली आणि ते सर नाहीत हे कळल्यावर जरा नाराज होऊन बसली. शिकवायला शेफाली मॅडम होत्या. मूळच्या वर्ध्याच्या, आयटीत काही वर्षं काढून आलेल्या, त्यामुळे बोलणं झपाट्याचं. "बघा, इन्व्हेंटरी इज इव्हिल," त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं. "साठा म्हणजे अडकून पडलेला पैसा. आयडियल साठा किती? झिरो."

ज्या माणसाने साठा राखण्यात हयात घालवली त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? एखाद्या पुजाऱ्याला देवळात कुणी सांगावं की आदर्श देवांची संख्या शून्य, तसं देशमान्यांना वाटलं. पण गुजरात डोळ्यांसमोर होता. त्यांनी वहीत लिहून घेतलं: साठा वाईट.

खरं घोडं पेंड खायला लागलं ते प्रकल्पापाशी. प्रत्येकाने एक खरीखुरी पुरवठा साखळी निवडायची, ती सुधारायची, आणि बाहेरचे परीक्षक जागेवर येऊन ती पाहणार. देशमान्यांनी अर्थातच आपलं स्टोअर निवडलं. कारखान्याने परवानगी नाकारली, कारण स्टोअरची माहिती गोपनीय होती. ती माहिती देशमान्यांनीच तयार केलेली होती, पण गोपनीयतेच्या बाबतीत तेही आता बाहेरचेच, असं नव्या साहेबांनी सांगितलं. डिप्लोमाच्या ऑफिसात कळलं की कारखान्याचं पत्र नसेल तर कुठल्याही नोंदणीकृत संस्थेचं चालेल, फक्त मुदत येत्या शुक्रवारपर्यंत.

नोंदणीकृत संस्था कुठून आणायची या काळजीत देशमाने घरी आले तेव्हा सुनीतीबाई पतसंस्थेतून येऊन चहा घेत होत्या. "आपली सोसायटी नोंदणीकृतच आहे की," त्या म्हणाल्या. "आणि तिथे साठा भरपूर आहे. दिवाळी आलीच आहे, बघाल आता."

ही त्यांनी थट्टा केली होती. लग्नाला इतकी वर्षं होऊनही देशमान्यांना बायकोची थट्टा ओळखता येत नसे, आणि ज्या रात्री माणूस काळजीने तळमळत असतो त्या रात्री तर त्याला कशातही तोडगा दिसतो. सकाळी उठले ते विषय ठरवूनच. भैरवकृपा सोसायटीतील दिवाळी फराळ: शून्य साठ्याकडे वाटचाल.

विचार तसा बिनतोड होता. प्रत्येक घरात लाडू, चकली, चिवडा, शंकरपाळे, अनारसे, करंज्या सगळंच करतात. मग तेच एकमेकांकडे वाटतात. शेवटी सगळ्यांकडे सगळं आणि तुळशीचं लग्न आलं तरी खवट चिवडा संपत नाही. त्याऐवजी प्रत्येक मजल्याने एकच पदार्थ करायचा, माल मध्यवर्ती गोदामात जमा करायचा, आणि तिथून प्रत्येक घराला गरजेपुरताच डबा जायचा. वाया काही नाही, शिल्लक काही नाही. शेफाली मॅडमना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती वर्गाच्या ग्रुपवर टाकली. पोरांनी त्यावर अंगठ्याची चित्रं टाकली.

जोगळेकरांनी पत्र दिलं, पण अर्जात 'फराळ' या शब्दाची व्याख्या नाही म्हणून तो दोनदा परत पाठवून. मग सभा झाली. देशमान्यांनी पदार्थ वाटून दिले आणि तिथेच त्यांचे निम्मे शत्रू तयार झाले. चकलीचा मान तिसऱ्या मजल्याला गेल्याने पहिला मजला रुसला. जोगळेकरांच्या मजल्यावर शंकरपाळे आले. "शंकरपाळे," जोगळेकर सावकाश म्हणाले. "म्हणजे ज्यांना काहीच येत नाही त्यांनी करायचे ते. ठीक आहे, नोंद घेतली." आणि त्यांनी खरोखरच इतिवृत्तात नोंद घेतली.

सामान एकत्र घ्यायचं म्हणून देशमाने टेम्पो घेऊन मार्केट यार्डात गेले. घाऊक व्यापाऱ्याने भाजके पोहे पोत्यापेक्षा कमी द्यायला नकार दिला. डाळ पोत्याने, मैदा पोत्याने. किरकोळ हवं तर किराणा दुकानात जा, इथे कशाला आलात, असं तो शांतपणे म्हणाला. शून्य साठ्याचा पुरस्कर्ता पोत्यांवर बसून धायरीला परतला. फाटकाशी उभ्या असलेल्या जोगळेकरांनी टेम्पोकडे पाहून एवढंच विचारलं, "कुठल्या तालुक्याचा फराळ आहे?"

तरीही गंमत अशी की दिवाळीच्या पहिल्या दिवशी सगळं जमलं. सोसायटीच्या टेबल टेनिसच्या खोलीत माल आला, देशमान्यांनी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, डबे घरोघर गेले आणि दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. देशमान्यांनी रिकाम्या टेबलाचा फोटो काढून शेफाली मॅडमना पाठवला. 'झिरो. वॉव सर,' असं उत्तर आलं. गोळा प्रथमच पोटातून जरा खाली सरकला.

संध्याकाळी डबे परत येऊ लागले. भरून.

आता हे खरं तर मराठी माणसाला सांगायची गरज नाही. कुणाकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. ते अशुभ, आणि अशुभ नसेल तर निदान भिकारपणाचं. हे देशमान्यांनाही जन्मापासून माहीत होतं. पण त्यांच्या घरी डबा यायचा तेव्हा ते त्यातलं खायचे, आणि नंतर डबा आपोआप नाहीसा व्हायचा. तो कधी गेला, काय भरून गेला, कुणी भरला, या टप्प्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. जी गोष्ट अख्ख्या सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती ती प्रकल्पाच्या आराखड्यात नव्हती, कारण आराखडा ज्याने केला होता त्याने आयुष्यात कधी डबा परत नेला नव्हता.

बरं, भरायला घरात फराळ आला कुठून? तर प्रत्येक घराने नेमून दिलेला पदार्थ केला होताच, शिवाय बाकीचेही गुपचूप केले होते. "देवापुढं ठिवायला घरचं नको व्हय?" मुक्ताबाईंनी विचारलं. भाऊबिजेपर्यंत टेबल भरलं. देशमान्यांनी हबकून तो माल पुन्हा वाटला. तो दुसऱ्या डब्यांतून वाढून परत आला. पाडव्याला पाठवलेली करंजी त्यांना पुढच्या आठवड्यात परत भेटली. ती त्यांनी ओळखली, तिचं एक टोक उकललेलं होतं.

परीक्षकांची भेट चार दिवसांवर आली तेव्हा देशमान्यांनी फळ्यावर सूचना लावली: 'डबे कृपया रिकामेच परत करावेत.' लोकांना ती फार लागली. आम्ही काय असे-तसे आहोत का, असं पहिल्या मजल्याने जिन्यात मोठ्याने विचारलं. तरी सूचनेचा मान राखायचा म्हणून लोकांनी डबे रिकामे केले आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून प्रत्येकात चमचाभर साखर घातली. टेबलाखाली साखरेचं पातेलं भरलं. प्रकल्पात आता एक असा पदार्थ साठू लागला होता जो कुणालाच नेमून दिलेला नव्हता.

"मला वाटतं मी नापास होणार," देशमाने सुनीतीबाईंना म्हणाले.

"मला वाटतं आपण साखर विकत घ्यायला नको," सुनीतीबाई म्हणाल्या.

परीक्षक कुंभोजकर सर ठरलेल्या वेळेच्या आधीच आले. उंच, गंभीर, पांढरा सदरा, पांढरी पँट, आणि चेहरा असा की त्यांनी नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी समोरच्याला काहीतरी वाईट कळल्यासारखं वाटावं. बरोबर शेफाली मॅडम होत्या, नखं खात. सुनीतीबाई पतसंस्थेत गेल्या होत्या. टेबल टेनिसच्या खोलीचं दार उघडलं आणि कुंभोजकर सर उंबऱ्यातच थांबले, कारण आत जायला जागा नव्हती.

"हा शून्य साठा?" त्यांनी विचारलं.

"प्रक्रियेत आहे सर," देशमाने म्हणाले.

"बरं. कानबान म्हणजे काय, सांगा."

देशमान्यांनी कानबान आठवडाभर पाठ केलं होतं. स्नान करताना म्हटलं होतं, स्कूटरवर म्हटलं होतं. आता ते डोक्यातून साफ गेलं. त्यांना फक्त इतकंच आठवलं की तो शब्द जपानी आहे, आणि ते त्यांनी सांगितलं. कुंभोजकर सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते लिहिणं फार थोडं होतं, आणि देशमान्यांच्या डोळ्यांपुढे गुजरातेतलं स्टोअर उभं राहिलं. तिथे काउंटरच्या अलीकडे ते स्वतः उभे होते, हातात चिठ्ठी.

"हे पहा देशमाने," सर म्हणाले, "सगळा साठा मी मागत नाही. एक डबा, एक फेरी. तो रिकामा गेला आणि परत काही आलं नाही, एवढं मला डोळ्यांनी दाखवा. मी पास करतो. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

पुढच्या वर्षी खुर्ची नसणार होती. देशमान्यांनी मुक्ताबाईंचा स्टीलचा डबा उचलला, त्यातली साखर पातेल्यात ओतली, फडक्याने पुसला. साखरेचा कणही राहिला नाही. डबा हातात इतका हलका लागला की त्यांना तो धरवेना. ते जिना चढले. मागे परीक्षक, त्यांच्या मागे मॅडम.

मुक्ताबाईंनी दार उघडलं. देशमान्यांनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. बाईंनी सवयीने घेतला, आणि त्यांचा हात वजनासाठी तयार होता तो वर उडाला. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं. मग देशमान्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चार रात्री झोप नव्हती, दाढी वाढली होती. मग मागच्या पांढऱ्या कपड्यांतल्या गंभीर गृहस्थांकडे पाहिलं, आणि डोळे पुसणाऱ्या मॅडमकडे. मॅडमच्या डोळ्यात काजळ गेलं होतं.

"भाऊ," मुक्ताबाई हळूच म्हणाल्या, "सुनीतीबाय बऱ्या हायत नव्हं?"

बोललं तर फेरी मोडेल या भीतीने देशमाने मोजकंच बोलले. "त्यात काही घालू नका, वहिनी. आता आमच्याकडे काही नको." आणि त्यांचा आवाज खरोखरच दाटून आला, कारण त्यांना वाटलं, झालो आपण पास.

मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला आणि दार हळूच ओढून घेतलं.

"काही आलं नाही," देशमाने सरांना म्हणाले. सरांनी घड्याळ पाहिलं. तिघं खाली येऊन खोलीच्या दाराशी उभे राहिले. थोडा वेळ खरंच काही आलं नाही, आणि सरांनी पेन काढलं.

मग जिन्यावर पावलं वाजली. सगळ्यांत पुढे पहिला मजला, सूचनेवरून रुसलेला, आज डोक्यावर पदर घेऊन, हातात पातेलं. कुणी काही न बोलता ते टेबलावर ठेवलं. पिठलं होतं. मागोमाग भात आला. दुसऱ्या मजल्यावरून आणखी पिठलं, तिसऱ्यावरून भाकरी, तिखट-मिठाची वाटी. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून तिथून डबाही रिकामाच येतो. शेजाऱ्यांनी आणून द्यायचं, आणि ते कुणी मागावं लागत नाही. टेबलावरचा फराळ कडेला सरकवून जागा केली गेली. एका आजोबांनी कुंभोजकर सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुम्ही थोरले बंधू का? धीर धरा." सरांनी दुसऱ्या हाताने रुमाल काढून कपाळ पुसलं, तेव्हा आजोबांना खात्री पटली.

देशमाने "अहो, नाही, तसं नाही" असं म्हणत होते. लोक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. पहिल्या धक्क्यात माणूस असंच म्हणतो हे सगळ्यांना माहीत होतं.

जोगळेकर कागद घेऊन आले. "शोकसूचना तयार आहे," ते म्हणाले. "नावाची जागा मोकळी ठेवली आहे. खात्री करून भरतो. मला कुणावर अन्याय करायचा नाही."

एवढ्यात सुनीतीबाई कामावरून परतल्या. खोलीशी गर्दी पाहून त्या चपला काढून मागच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

त्या बाईंनी मान वळवली आणि हातातला भात खाली ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी माना वळवल्या. शेवटी मुक्ताबाई गर्दीतून वाट काढत आल्या, सुनीतीबाईंच्या गालांना हात लावून पाहिला आणि त्यांच्या गळ्यात पडून ज्या रडायला लागल्या त्या थांबेनात. "रिकामा डबा आला गं," त्या एवढंच म्हणत होत्या.

सुनीतीबाईंना सगळं समजायला फार वेळ लागला नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, परीक्षकांच्या पेनकडे पाहिलं. "कुणीच गेलं नसेल तर बसा सगळे," त्या म्हणाल्या. "पिठलं गार होतंय."

कुंभोजकर सर मात्र टेबलाकडे पाहत होते. "देशमाने," त्यांनी विचारलं, "हा माल कुणी मागवला?"

"कुणीच नाही, सर."

"ऑर्डर? फोन?"

"नाही सर."

"मग आला कसा?"

देशमान्यांनी आता सगळी आशा सोडली होती, त्यामुळे त्यांना प्रथमच सरळ बोलता आलं. "डबा रिकामा गेला ना, सर. रिकामा गेला की समोरच्याला कळतं, इथे काहीतरी कमी आहे. मग तो भरतो. तोंडाने सांगावं लागत नाही. म्हणजे... रिकामी पेटी हीच मागणी. म्हणजे कानबान, सर."

शेफाली मॅडमनी नखं खाणं थांबवलं. सरांनी जिन्याकडे पाहिलं. तिथून अजून एक कुकर खाली येत होता. "साठा शून्य नाही," ते लिहिता लिहिता म्हणाले, "आणि या इमारतीत तो कधी व्हायचाही नाही. पण व्याख्या बरोबर आहे. पास." मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि विचारलं, "कांदा आहे का कुणाकडे?"

त्या दुपारी भैरवकृपा सोसायटी पिठलं-भात आणि अनारसे असं जेवली. जोगळेकरांनी शोकसूचनेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अभिनंदनाची सूचना लिहिली, कागद वाया जायला नको म्हणून. खुर्ची राहिली होती. पोटातला गोळा गेला होता आणि त्याच्या जागी भूक लागली होती. देशमाने सुनीतीबाईंच्या शेजारी पान मांडून बसले.

"तू गेलीस असं समजून किती जण रडले गं," ते भात कालवत म्हणाले. "पहिला मजलासुद्धा. त्या मुक्ताबाई तर बघवेनात."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

देशमान्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मी परीक्षा देत होतो," ते म्हणाले.

"ते दिसलंच," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या पानात आणखी पिठलं वाढलं.